बिनफोडणीचा ईस्टर

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी सुवार्ताच्या पाठीला साबण लावताना प्रेरणाला पहिला फोड दिसला, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते त्या दिवशी कुठल्याही ख्रिस्ती बाईच्या तोंडून निघू नये असं होतं. दुसरा फोड मानेवर होता, तिसरा कानामागे. टपोरे, पाणीदार, कडेने लाल. सात वर्षांची सुवार्ता अंगभर फेस घेऊन स्टुलावर उभी होती आणि आपली वाक्यं घोकत होती. रविवारी सूर्योदयाच्या उपासनेत ती देवदूत होणार होती.

"मम्मी, 'बायांनो, रडता कशाला' म्हणताना हात वर करू, का 'घरी जाऊन सांगा' म्हणताना?"

प्रेरणाने भराभर दोन तांबे ओतले, मुलीला टॉवेलात गुंडाळलं आणि हाक मारली, "आई, जरा इकडे येता का?"

आई म्हणजे तिच्या सासूबाई, आशाबाई. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली, तरी पडेगावातल्या त्यांच्या गल्लीत त्यांना सगळे आशा सिस्टरच म्हणत. कुणाच्या पोराला ताप येवो, कुणाच्या आजोबांना इंजेक्शन द्यायचं असो, आधी आशा सिस्टर, मग डॉक्टर. त्या आल्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, एकच फोड पाहिला आणि निकाल दिला.

"कांजण्या. दोन आठवड्यांखाली त्या वाढदिवसाला गेलती दोघं, तिथनंच आणल्या. आता धा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाय."

"आणि रविवार?"

"कसला रविवार? साऱ्या मंडळीला कांजण्या वाटायच्या हायत का?"

सुवार्ताने भोकाड पसरलं. चार वर्षांचा दानिएल खेळता खेळता आला आणि ताई का रडते हे न विचारताच त्यानेही सूर लावला. शनिवार-रविवारच्या सुट्टीत तपासायला आणलेल्या पाचवीच्या बेचाळीस उत्तरपत्रिका टेबलावर पडल्या होत्या, टाकीत पाणी तळाला गेलं होतं आणि नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. दोन रडणारी पोरं आणि वर हे. प्रेरणाने सुवार्ताला मांडीवर घेतलं.

"चर्चला नाही जायचं तर नाही. ईस्टर आपण घरी करू. सगळा. अंडी रंगवू, पंख लावून तू इथेच देवदूत हो, आणि दुपारी मटण आणि पुलाव. एकही गोष्ट कमी पडणार नाही. शब्द देते."

सुवार्ताचं रडणं थांबलं. ती शब्दाची पक्की होती आणि दुसऱ्यानेही तसंच असावं अशी तिची अपेक्षा असे. प्रेरणाला मात्र आपण काय बोलून बसलो हे थोड्या वेळाने लक्षात आलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ ईस्टर या घरात आशाबाईंच्या हुकमाने झाले होते. मसाला त्या भाजणार, पातेलं कुठलं ते त्या सांगणार, मीठ त्याच टाकणार. प्रेरणाने कांदे चिरायचे, कारण कांद्याने आशाबाईंचे डोळे चुरचुरत. सासूला न विचारता तिने या घरात दिलेला हा पहिलाच शब्द होता, आणि तोही मुलीला. आता तो मोडणं शक्य नव्हतं.

आशाबाई एव्हाना अंगणात गेल्या होत्या. त्यांनी कडुलिंबाची डहाळी मोडून दाराला खोचली, मूठभर पाला सुवार्ताच्या उशीखाली सारला. प्रेरणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नर्स आहेत, जंतू मरत असतील, असं ती धरून चालली.

दुपारी तिने वरणासाठी कढल्यात तेल तापवलं, मोहरी चिमटीत घेतली, आणि मागून एक हात आला व गॅस बंद झाला.

"फोडणी नाय द्यायची."

"का?"

"पथ्य हाय. पाच दिवस फोडणी नाय, तळण नाय. मटण-अंडी तर नायच नाय."

प्रेरणा आधी हसली. तिला खरंच वाटलं, सासूबाई थट्टा करताहेत. "आई, घरात देवी आल्या म्हणून बाया पाळतात, तसलं झालं हे."

आशाबाईंचा चेहरा असा झाला की प्रेरणाचं हसू जागच्या जागी विरलं. याच बाईने तीन वर्षांपूर्वी दानिएलच्या पायातला काळा दोरा कात्रीने कापून कचऱ्यात टाकला होता. प्रेरणाच्या आईने जालन्याहून येऊन नातवाला दृष्ट लागू नये म्हणून तो बांधला होता. त्या दिवशी विश्वास म्हणजे काय आणि अंधश्रद्धा म्हणजे काय, यावर विहीणबाईंना अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि चहा पुढ्यात निवून गेला होता.

"देवीबिवी कोण म्हणालं?" आशाबाई म्हणाल्या. "फोडणीच्या वाफंनं फोड चरचरत्यात. पथ्य हाय ते."

"वॉर्डात सांगायचा का तुम्ही पेशंटना असं?"

"वॉर्डात फोडणी नव्हती," आशाबाई म्हणाल्या आणि कढल्यातलं तेल वाटीत ओतून ती वाटी, मोहरीचा आणि मसाल्याचा डबा वरच्या फळीवर ठेवून आल्या.

संध्याकाळी नोएल, म्हणजे प्रेरणाचा नवरा, शेंद्र्याच्या कारखान्यातून घरी आला. त्याने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. बायको बोलताना बायकोकडे मान हलवली, आई बोलताना आईकडे. शेवटी आपल्या परीने तोडगा काढला.

"पाच दिवसांचाच तर प्रश्न आहे. बुधवारी करू ना ईस्टर."

"बुधवारी?" प्रेरणा म्हणाली. "मग येशूलाही निरोप धाड, बुधवारपर्यंत कबरीतच थांब म्हणावं, आमच्याकडे पथ्य आहे."

"तू चिडू नकोस. आई नर्स आहे."

"तेच म्हणते मी! नर्स आहेत त्या!"

नोएलला आईसमोर बोलता येत नसे आणि बायकोसमोर गप्प बसता येत नसे, त्यामुळे तो बराच वेळ पायमोजे काढत बसला. रविवारी त्याची पहिली पाळी होती. पहाटे जाणार, दुपारनंतर येणार. तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन जाईल, हा त्याचा खरा हिशोब. प्रेरणाला तो चांगला ठाऊक होता.

शनिवारी सकाळी ती स्कूटी काढून शफीभाईंच्या दुकानावर गेली. आदल्या दिवसापासून घरात बिनफोडणीचं वरण, बिनफोडणीची भाजी आणि दूधभात चालला होता. दानिएलने ताट पुढे सरकवलं होतं. सुवार्ता खाजवू नये म्हणून तिच्या हातात पायमोजे घातले होते, आणि मोजे घातलेल्या हातांनी ती दर तासाला विचारत होती, "मटण आणलं का?"

शफीभाई वीस वर्षांपासून त्यांच्या घरी मटण देत. प्रेरणाला पाहून ते हसले, आणि मग का कोण जाणे, सुरी बाजूला ठेवून उगाच ओटा पुसायला लागले.

"दीड किलो द्या शफीभाई. पुठ्ठ्याचं."

"भाभी, आज नक्को."

"नको काय? समोर टांगलंय की!"

"वैसा नै भाभी. सिस्टर का फोन आया था. बोले, बच्ची को दाने निकले, घर में पथ्य है. भाभी आई तो गोश्त मत देना."

प्रेरणाच्या मागे उभा असलेला माणूस पिशवी हातात धरून मोठ्या गोडीने ऐकत होता.

"शफीभाई, तुम्ही मुसलमान, आम्ही ख्रिस्ती. हे पथ्य आहे कुणाचं?"

"वो मेरे को नै मालूम," शफीभाई प्रामाणिकपणे म्हणाले. "मेरी अम्मी भी नै पकाती थी. और मेरे तीनों बच्चे सिस्टर के हाथ पे हुए. उनकी बात मैं कैसे काटूं? बुध को आओ, एकदम कवळं काढून ठेवतो."

पुन्हा बुधवार! प्रेरणा परत निघाली ती सगळ्या रस्त्याशी भांडत. पुढे रिक्षावाल्याने वळताना हात दाखवला नाही, त्यालाही तिने सुनावलं. नऊ वर्षं आपण या घरात राहतो आणि खाटकाच्या दुकानातही आपल्या शब्दाला किंमत नाही, याने तिला रडू येत होतं. आणि गाडी चालवताना रडायचीही सोय नव्हती, कारण हेल्मेटची काच धूसर व्हायची.

फाटकापाशी शेजारची उमा भेटली. उमा बँकेत होती. घर शुद्ध शाकाहारी, देवघरात रोजची पूजा, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. प्रेरणाने तिला सगळं एका दमात सांगितलं.

"अगं, काहीतरीच काय!" उमा म्हणाली. "आमच्या स्वरालीला गेल्या वर्षी नव्हत्या का आल्या? मी रोज फोडणी देत होते. डॉक्टर म्हणाले, चांगलंचुंगलं खाऊ घाला. सासूबाईंनी एकदा म्हणून पाहिलं, मग त्यांनीच पोह्यांना फोडणी दिली."

प्रेरणाने कपाळावर हात मारला. देवीला मानणारं एकुलतं एक घर शेजारी, तिथे फोडणी चालते. आणि देवीला न मानणाऱ्या तिच्या घरात मोहरीचा डबा फळीवर जाऊन बसला होता!

"मटणाची काळजी करू नकोस," उमा आवाज उतरवून म्हणाली. "आमच्या ह्यांना सांगते. क्रांती चौकाच्या अलीकडची-पलीकडची सगळी दुकानं त्यांना पाठ आहेत. घरात आणत नाहीत, म्हणून मी विचारत नाही."

त्या दुपारी आशाबाई आडव्या झाल्यावर प्रेरणाने पहिलं बंड केलं. कांद्याच्या सालीत डझनभर अंडी उकडली. उकडणं म्हणजे काही फोडणी नव्हे, अशी तिने मनाशी वकिली केली. अंडी तांबूस निघाली, मुलांनी त्यावर मेणाच्या खडूने फुलं आणि क्रूस काढले. निदान काढायला बसले. सुवार्ताला पायमोज्यांत खडू धरता येईना, मोजे काढले तर ती खाजवायला लागे. दानिएलने चार अंडी फोडली, एक सोफ्याखाली घालवलं आणि मग चिडचिड करून तिथेच झोपून गेला. प्रेरणाच्या हाताला गुलाबी लोशन होतं, ते उत्तरपत्रिकांना लागत होतं. झाडांना खोड असते कारण, असं कुणीतरी लिहिलं होतं आणि पुढे गुलाबी डाग पडला होता. तिने त्याला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

आशाबाई उठल्या. ताटातली अंडी त्यांनी पाहिली. प्रेरणा भांडणाच्या तयारीने उभी राहिली, पण त्यांनी आत जाऊन आपल्या खोलीचं दार लोटलं आणि त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. भांडण परवडलं असतं. अबोल्यात नोएलने भाजीत मीठ हवं का एवढं विचारलं, तरी दोघी एकदम दुसरीकडे बघत.

रविवारी नोएल पहाटेच गेला. सहा वाजता, बाहेर उजाडताना, हॉलमध्ये ईस्टरची उपासना सुरू झाली. आशाबाई पांढरी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या, तोंडाला कुलूप लावून. सुवार्ताने फोडांवरून पांढरा फ्रॉक घातला, पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधले. दानिएलला मरीया व्हायला सांगितलं, तो नाही म्हणाला. त्याला कबरीवरचा धोंडा व्हायचं होतं. तो सतरंजीवर अंग मुडपून पडला आणि खरोखर जागचा हलला नाही.

"बघ, किती शहाण्यासारखा पडलाय," प्रेरणा म्हणाली.

"बायांनो, रडता कशाला? इथे कुणी नाही. घरी जाऊन सगळ्यांना सांगा!" सुवार्ताने खणखणीत आवाजात म्हटलं, दोन्ही वेळा हात वर केले. दुसऱ्या वेळी पुठ्ठ्याची कड मानेवरच्या फोडाला घासली आणि देवदूत किंचाळत रडायला लागला. पंख काढले, लोशन लावलं. मोबाइलवर लावलेलं भजन मध्येच अडकलं. प्रेरणाने घड्याळ पाहिलं. सगळी उपासना नऊ मिनिटांत आटोपली होती. चर्चमध्ये या वेळी साडेतीनशे माणसं उभी राहून गात असतील, मग अंगणात चहा आणि केक, एकमेकांना मिठ्या. आणि आपण इथे, या रुसलेल्या बाईसमोर. तिला सगळ्याचाच वीट आला.

नऊ वाजता उमाचे यजमान, वैजनाथराव, मिठाईच्या दुकानाची पिशवी घेऊन आले. इकडेतिकडे बघत त्यांनी ती फाटकावरून आत दिली. "पुठ्ठ्याचंच आहे. सीना पण टाकलाय थोडा, रश्शाला चव येते," असं कुजबुजून ते लगबगीने परत गेले.

प्रेरणाने मटण धुतलं, कांदा चिरला, फळीवरून मोहरीचा आणि मसाल्याचा डबा खाली उतरवला. स्वयंपाकघराच्या दारात आशाबाई येऊन उभ्या राहिल्या. जवळजवळ अठरा तासांनी त्या बोलल्या.

"तू करणारच म्हण की."

"करणार. माझ्या लेकरांना शब्द दिलाय."

"लेकरं माझीबी हायत."

"मग त्यांचा सण होऊ द्या ना त्यांचा! नऊ वर्षं तुम्ही सांगाल तसं केलं, आई. कधी म्हणाले का, माझ्या हातून होऊ द्या? एकदा, फक्त एकदा. आणि तेही नाही. खाटकाला फोन केलात तुम्ही! लाज वाटली मला तिथे."

आशाबाई पदर खांद्यावर ओढून घेत म्हणाल्या, "कर. मला काय इचारू नको मग."

तेल तापलं. प्रेरणाने आधी थोडी मोहरी टाकली, मटणाला लागत नसतानाही टाकली, केवळ तडतड ऐकायला. मग कांदा, आलं-लसूण, वाटण. वास घरभर गेला, अंगणात गेला. सुवार्ता खोलीतून नाचत आली. "मम्मी, आता ईस्टर झाला!" प्रेरणाने तिला उचलून गरगर फिरवलं, फोड सांभाळून. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला आपण या घरातली बाई आहोत असं वाटलं. पुलाव शिजवून झाकून ठेवला, कुकरच्या शिट्ट्या होत आल्या, आणि ती दानिएलला हाक मारायला गेली.

दानिएल अजून सतरंजीवरच होता; पहाटे उठवल्याने पुन्हा झोपला असेल असं तिला वाटलं होतं. अंग मुडपलेलं, गाल लालबुंद. तिने हात लावला आणि हात मागे घेतला. थर्मामीटर लावला. एकशे तीन पॉइंट आठ.

"दानू? ए दानू!"

त्याने डोळे अर्धवट उघडले आणि काहीतरी असंबद्ध बडबडला. धोंडा, असं काहीतरी.

तेव्हा प्रेरणा जे वागली ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. तिने डॉक्टरला फोन केला नाही, औषधाची बाटली शोधली नाही. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि गॅस बंद केला. कुकरची वाफ काढून झाकण उघडलं, वास अंगावर आला तसं पुन्हा लावलं. खिडकी उघडली. मोहरीचा डबा उचलून फळीवर ठेवला. मग फडक्याने कुकर धरला, आणि तो घेऊन ती मागच्या दाराकडे निघाली, सगळं मोरीत ओतून द्यायला. तिच्या ओठांतून सारखं येत होतं, चुकले, चुकले, चुकले. कुणाला म्हणत होती, तिचं तिला माहीत नव्हतं.

"ठिव ते खाली."

आशाबाई दानिएलला कडेवर घेऊन उभ्या होत्या. आवाज वेगळा होता. हा आवाज प्रेरणाने घरात कधी ऐकला नव्हता.

"ठिव म्हणते ना. बादलीत पाणी आण. कोमट, गार नको. दोन पंचे. तापाचं औषध कुठाय? वजन किती ह्याचं, पंधरा का सोळा?"

"सोळा."

"हां. पंखा बारीक कर. शर्ट काढ त्याचा."

प्रेरणाने सांगितलं तसं केलं. आशाबाईंनी औषध मापून पाजलं, मुलाला पलंगावर उघडं निजवलं, काखेत, मांडीला, कपाळाला ओल्या पट्ट्या लावल्या. मग त्याचा कान मुडपून मागे पाहिलं, पोटावर बोट फिरवलं.

"ह्ये बघ. आल्यात ह्यालाबी. एकाच वाढदिवसाच्या दोघांच्या. आधी ताप येतो, मागनं फोड. सकाळधरनंच तापला असंल त्यो."

"सकाळी तो धोंडा झाला होता," प्रेरणा म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. "मी त्याला शहाणा म्हणाले. आई, माझ्यामुळे झालं. तुम्ही नको म्हणत होता, मी हट्टाने केलं."

"येडी हायस का? फोडणीनं ताप चढाया त्यो काय कढई हाय?"

प्रेरणा रडता रडता थांबली. तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"की फोडणीने काही होत नाही."

"नर्स हाय ना मी."

"मग तीन दिवस हे सगळं कशासाठी? खाटकाला फोन, अबोला... कशासाठी, आई?"

आशाबाईंनी पट्टी पिळली. पुन्हा लावली. सवयीचं काम होतं, हात आपोआप चालत होते.

"एकतीस वरसं दुसऱ्यांची लेकरं बघितली, तवा कधी भ्या वाटलं नाय," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातलं पडलं की शिकल्यालं समदं कुठं जातं, कळत नाय. माझी आई नाय करायची फोडणी. नोएलला आल्या तवा मीबी नाय केली, अन् त्यो बरा झाला. आता देवी म्हणून नाय पाळत मी. पण मोडायची छातीबी व्हत नाय."

"आणि आता?"

"आता काम हाय. बसून व्हते तवा घाबराया फुरसत व्हती."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, ताप, वजन, औषधाचं माप असं सगळं दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बरोबर करताय सिस्टर, पाणी पाजत राहा, पीत नसला किंवा झटका आला तर लगेच घेऊन या. प्रेरणा पट्ट्या बदलत राहिली. तिला सासूचा राग येत होता आणि त्याच सासूचा पदर धरून बसावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटणं फार थकवणारं होतं. एक वाजता ताप एकशे एकवर आला. दानिएलने पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायला आणि घामाने भिजून झोपी गेला.

तेव्हा कुठे दोघींना सुवार्ता आठवली. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. समोर आपलं ताट मांडून, रंगवलेलं एक अंडं कडेला ठेवून.

"मम्मी, वाढ ना. तू शब्द दिला होतास."

प्रेरणा कुकरपाशी गेली. तिने झाकण काढलं. मटण शिजलं होतं, तवंग वर आला होता. तिने डाव हातात घेतला आणि तो रश्श्यात बुडवेना. एकशे एक म्हणजे ताप उतरला नव्हता. पुन्हा चढला तर? हे खुळं आहे, तिला चांगलं कळत होतं, तीन दिवस ती हेच तर ओरडून सांगत होती. पण हात ऐकत नव्हता.

"सुवा," ती म्हणाली, "आज आपण दूधभात खाऊ या का? हे बुधवारी..."

आपल्याच तोंडून निघालेला बुधवार ऐकून ती अर्ध्यावरच थांबली. सुवार्ताने फक्त आईकडे पाहिलं आणि ताट थोडं मागे ओढलं.

मागे गुडघ्यांचा आवाज झाला. आशाबाई आल्या होत्या. त्यांनी प्रेरणाच्या हातातून डाव काढून घेतला. सुवार्ताच्या ताटात पुलाव वाढला, मटण वाढलं, रस्सा वाढला. मग फळीवरून दुसरं ताट काढून त्यात आपल्यासाठी वाढून घेतलं, आणि भिंतीला टेकून नातीच्या शेजारी खाली बसल्या. खाली बसलं की उठताना त्यांना दोघांचा आधार लागे, म्हणून त्या कधी बसत नसत.

"आई, नका खाऊ," प्रेरणा हळूच म्हणाली. "ताप उतरू द्या आधी."

आशाबाईंनी डोळे मिटले, हात जोडून थोडक्यात प्रार्थना केली. घास उचलला तेव्हा बोटांतून भाताची शितं ताटात पडत होती. प्रेरणाला ते स्पष्ट दिसत होतं. तो घास त्यांनी तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. सुवार्ताने आजीकडे पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली.

"मीठ कमी हाय," आशाबाई म्हणाल्या.

मीठ अगदी बरोबर होतं. प्रेरणाने दोनदा चाखून पाहिलं होतं. ती उठली आणि मिठाची बरणी आणून सासूच्या ताटाशी ठेवली.